गाठ वाढली की उशी?

आमच्या घरी माझी एक थट्टा ठरलेली आहे. दाराला कुलूप लावून मी दोन पावलं पुढे जाते, परत येते आणि कुलूप ओढून बघते. "आता तिसऱ्यांदा बघ, म्हणजे सरासरी काढता येईल," असं आमचे हे म्हणतात. मीही हसते. पण हा स्वभाव काही मी माहेरून आणलेला नाही. शहाद्यात सीटी स्कॅनच्या मशीनपाशी उभं राहून नोकरी केली, तिथून तो अंगाला चिकटला. नोकरी संपली, तो गेला नाही.

मी डॉक्टर नाही, टेक्निशियन. पेशंटला टेबलावर झोपवायचं, डोकं खोबणीत नीट बसवायचं, हलू नका म्हणून बजावायचं आणि काचेपलीकडे जाऊन मशीन चालवायचं, एवढं माझं काम. फिल्म बघून रिपोर्ट द्यायचं काम रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचं. लोकांना वाटतं यात कसलं आलंय डोकं, बटण तर दाबायचं. खरं सांगू? पहिल्यांदा स्कॅनला आलेल्या पेशंटची मलाही कधी धास्ती वाटली नाही. रक्तस्राव झालाय की नाही, गाठ आहे की नाही, ते दिसतं. धास्ती वाटायची ती तोच पेशंट परत आला की. कारण दुसऱ्या वेळी प्रश्न बदललेला असतो. गाठ आहे हे माहीतच असतं. आता ती वाढली का, हे सांगायचं असतं. एक-दोन मिलिमीटरवर माणसाची कवटी उघडायची की नाही हे ठरतं, आणि तेवढा फरक तर डोकं जरा वेगळं टेकलं तरी पडतो.

शहाद्याच्या माणसाला हे केळ्यावरून चटकन कळतं. केळं सरळ कापलं तर गोल चकती मिळते, सुरी तिरकी धरली तर लांबोडकी. केळं तेच असतं. आमचं मशीन डोक्याच्या अशाच चकत्या दाखवायचं, आणि जुनं असल्यामुळे जरा जाडच दाखवायचं. आज डोकं सरळ आणि पुढच्या खेपेला हनुवटी झुकलेली, की सुरी तिरकी पडलीच म्हणून समजा. मग चकती मोजायची आणि म्हणायचं, केळं वाढलं.

म्हसावदच्या एका बागायतदारांनी तर यावरून माझ्याशी भांडणच काढलं होतं. त्यांच्या डोक्यात एक निरुपद्रवी गाठ होती. आमच्यावर विश्वास नाही म्हणून त्यांनी आमच्याकडून निघून थेट दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा स्कॅन करून घेतला, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. दोन रिपोर्टांत दोन आकडे.

"मॅडम, तुमना काटा खोटा शे का त्यासना? डोकं ते एकच शे ना मन्हं!"

कापूस-केळी काट्यावर घालून आयुष्य गेलेला माणूस, त्याचा राग बरोबरच होता. मी केळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"मंग मी कितली धरू?"

"दोन्हीत फार फरक नाही, काका. इतकं मागंपुढं होतंच."

"व्यापारी बी असंच सांगस," असं म्हणून ते निघून गेले. पुढची कित्येक वर्षं मात्र न चुकता आमच्याकडेच आले, आणि प्रत्येक वेळी काटा तपासला का, हे विचारूनच टेबलावर चढले.

हलणाऱ्या पेशंटांनी मला फार छळलं. न हलणारा एकच लक्षात राहिला. तोरणमाळकडचे एक म्हातारे बाबा, चारोळीच्या झाडावरून पडलेले. त्यांना मराठी येत नव्हतं, जावई त्यांच्या बोलीत समजावत होता. मशीन सुरू झालं आणि बाबा इतके निश्चल झाले की ते गेले की काय, असं मला वाटलं. स्कॅन संपताच मी आत धावले. बाबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. जावई हसून म्हणाला, "हलू नका म्हणालात ना तुम्ही, म्हणून श्वासही बेताने घेतला त्यांनी." तशी सुबक चित्रं मला पुन्हा मिळाली नाहीत.

पण मला सांगायचंय ते हमीदाबींबद्दल.

हमीदाबी आणि त्यांचे यजमान युसूफभाई. पिंजारी. युसूफभाई कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरायचे आणि हमीदाबी त्यांना टाके घालायच्या. घरात हिंदी, बाजारात आणि आमच्याशी अहिराणी. हमीदाबींचा टाका शहाद्यात नावाजलेला होता. लग्नाच्या रजया त्यांच्याकडूनच शिवून घ्यायच्या, असा कितीतरी घरांचा हट्ट असे. एकदा जिन्यावरून घसरल्या, डोक्याला खोक पडली म्हणून स्कॅन केला. खोक साधीच निघाली, पण मेंदूच्या आवरणाला चिकटलेली एक गाठ सापडली. डाव्या बाजूला, उजवा हात चालवणाऱ्या भागाला अगदी खेटून.

नाशिकच्या सर्जनने समजावून सांगितलं. ही गाठ कॅन्सरची नाही. वाढली नाही तर जन्मभर तशीच राहील. वाढली तर काढावी लागेल, आणि काढताना हाताची ताकद जाऊ शकते. म्हणून थांबायचं आणि ठरावीक काळाने स्कॅन करत राहायचं. खरं तर यासाठी एमआरआय बरा. पण हमीदाबी त्या बोगद्यात गेल्या आणि ओरडतच बाहेर आल्या.

"ती कबर शे, ताई. जिवंतपनी मी त्यामा नही जासू."

म्हणून आमचा सीटी. आमच्या मशीनची कमान रुंद आणि उघडी, हमीदाबींना ती चालायची. त्या येत, मुकाट झोपत आणि उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत राहत. "हात हलवू नका," म्हटलं की थांबत. हात आहे ना अजून, हे त्या बघत होत्या, असं मला नंतर कळलं.

आता उशीचं सांगते. डोकं ठेवायच्या खोबणीत कंपनीने दिलेला फोम असतो. आमचा फोम झिजून त्याचा भुगा झाला होता आणि नवा काही येत नव्हता. युसूफभाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मापाची कापसाची छोटी उशी करून आणली. नको म्हणायचं कारणच नव्हतं. शेकडो डोकी तिच्यावर टेकली आणि उशी हळूहळू बसत गेली. तिचं ते बसणं आमच्या हाताला इतकं सवयीचं झालं की डोकं ठेवलं की कोन आपोआप जुळायचा. उशी हाही आमच्या मापाचा एक भाग झाला होता, आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

एका खेपेला हमीदाबींच्या स्कॅनच्या आदल्या दिवशी युसूफभाई आले.

"ताई, या उशीमा काही दम नही ऱ्हायना. पार बसी गयी. मन्ही बायकोनं डोकं लोखंडवर टेकस. आज घरी लई जास, नवा कापूस भरी देस."

बायकोच्या डोक्याखाली आपण केलेली उशी असावी आणि ती चपटी असावी, हे कुठल्या पिंजाऱ्याला सहन होईल? सकाळी उशी आली ती पुरीसारखी टम्म फुगलेली. हमीदाबी तिच्यावर झोपल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. बाहेर उसाच्या ट्रॉलीला धडकलेले दोघं स्ट्रेचरवर विव्हळत होते. मी हमीदाबींचा स्कॅन उरकला आणि त्या जखमींकडे वळले.

रिपोर्ट आला. गाठ वाढली होती. नाशिकहून सांगणं आलं, तयारीने या.

युसूफभाई फिल्मचं पाकीट न्यायला आले तेव्हा त्यांना बाकावर बसवत नव्हतं. नुसते येरझाऱ्या घालत होते. "ताई, इतला दिन चूप बसेल व्हती ना ती. आते काबरं वाढनी?" मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. रजईवर सुई घेऊन बसलेल्या हमीदाबी सारख्या डोळ्यांपुढे यायच्या.

मग डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. आमचे रेडिओलॉजिस्ट मितभाषी होते आणि कामात काटेकोर. सर्जनने त्यांना फोन करून विचारलं होतं, वाढ नक्की आहे ना, कारण बाईंचा हात तर अजून पहिल्यासारखाच आहे. साहेबांनी जुनी आणि नवी फिल्म दिव्याच्या बोर्डावर शेजारी शेजारी लावल्या होत्या. जुन्या फिल्ममध्ये डोळ्यांच्या खोबण्या आणि कानाचा भाग एकाच चकतीत दिसत होते. नव्या फिल्ममध्ये डोळे एका चकतीत होते आणि कान भलत्याच चकतीत.

"हनुवटी छातीकडे झुकलीय," साहेब म्हणाले. "डोकं असं कसं ठेवलं गेलं?"

माझी नजर काचेपलीकडे गेली. खोबणीत उशी फुगून बसली होती.

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे वाढलेलीच नाही!"

"असं मी म्हणालो नाही," साहेब म्हणाले. "फरक आहे. तो गाठीतला आहे की आपल्या मांडणीतला, हे या फिल्मवरून सांगता येत नाही. तुम्हाला तो मांडणीतला असायला हवाय. म्हणून तर जास्त जपून राहा."

त्यांचं बोलणं मला लागलं, आणि खरंही होतं. हमीदाबींची गाठ वाढलेली नसावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात मोजपट्टी देऊ नये. पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा किरणांचा मारा. पण विनाकारण ऑपरेशन होण्यापेक्षा तो परवडला, असं सर्जनचंही मत पडलं.

मी दोघांना बोलावून सगळं समजावलं. युसूफभाई पांढरेफटक पडले.

"म्हणजे मन्हा कापूसनं गाठ वाढाई?"

हमीदाबी मात्र त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "जिंदगीभर माले कधी जाड उशी दिधी नही. आनि दिधी ती बी अशी!"

युसूफभाईंनी तिथेच उशी उसवून कापूस काढला, पण जुनं बसलेपण काही परत येईना. शेवटी चादरीच्या घड्या घालून मी डोकं बसवलं. स्कॅनच्या आधी मशीन डोक्याचं बाजूने एक साधं चित्र काढतं. मागच्या खेपेचं तसं चित्र समोर ठेवून मी डोळा आणि कान यांची रेघ जुळवत राहिले. जुळेना. परत हमीदाबींना उठवलं, परत झोपवलं. अखेर रेघेवर रेघ बसली, तेव्हा मशीन चालवलं.

साहेबांनी जुना आकडा बघायला नकार दिला. "तो दिसला की डोळा तिकडेच ओढला जातो," म्हणाले. एकदा मोजलं, कागद उलटा ठेवला, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून परत मोजलं. मग जुना आकडा मागवला.

गाठ होती तेवढीच होती. दोन आकड्यांत फरक होता, पण कोणत्याही दोन मापांत असतो तेवढाच. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा युसूफभाईंनी मला तेच परत एकदा सांगायला लावलं. हमीदाबींनी विचारलं, "मंग आते नाशिक नही ना?" मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं व्हयनं. रजई अर्धी पडेल शे घर."

त्यानंतर मी सुताराकडून सागाची उतरती पाचर करून घेतली. तिच्यावर युसूफभाईंनी कापसाचा अगदी पातळ थर देऊन खोळ चढवली. लाकूड काही बसत नाही आणि फुगतही नाही. ही उशी कोणीही उसवायची नाही, असा मी नियम घातला, आणि तो सर्वात जास्त युसूफभाईंनीच पाळायला लावला. हमीदाबींच्या प्रत्येक स्कॅनला ते आधी आत येत, उशी अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून बघत आणि मान डोलावत. मगच बायकोला झोपू देत. बाजारात मात्र त्यांनी वेगळीच गोष्ट पसरवली होती. डॉक्टर म्हणे गाठ, आणि निघाली नुसती उशी! मला त्याची भीती वाटे. मी म्हणायचे, "युसूफभाई, गाठ शे. वाढनी नही, इतलंच." ते हसून म्हणत, "तेच सांगी ऱ्हायनू ना मी."

अशी वर्षं गेली. खेपा होत राहिल्या. हमीदाबींनी गावातल्या कितीतरी मुलींच्या लग्नाच्या रजया शिवल्या, त्यांतली एक माझ्या मुलीची.

मी निवृत्त व्हायच्या जरा आधी त्या आल्या. युसूफभाईंनी उशी दाबून बघितली, मान डोलावली. मी रेघ जुळवली, स्कॅन केला. पडद्यावर चकत्या उमटू लागल्या आणि मी खुर्ची पुढे ओढली. मोजायचं काम माझं नव्हे, पण इतकी वर्षं बघितलेली गाठ डोळ्याला ओळखीची होते. ही मला मोठी दिसत होती.

मी आत गेले. खोबण बघितली, पाचर बघितली, खोळ चाचपली. कुठे तडा, कुठे सुरकुती, काहीतरी सापडावं म्हणून मी त्या लाकडावरून हात फिरवत राहिले. बाहेर येऊन बाजूची चित्रं परत जुळवली. डोळा-कान एका रेघेत होते. साहेबांनी नेहमीप्रमाणे जुना आकडा न बघता मोजलं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजलं. मग जुना आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

मी त्यांना विचारलं, "मांडणीत काही?"

"नाही. मांडणी अगदी बरोबर आहे."

इतकी वर्षं ज्यासाठी मी आटापिटा केला ते हेच होतं, दोन स्कॅन इतके सारखे करायचे की फरक दिसलाच तर तो गाठीचाच असावा. ते जमलं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.

साहेबांनी दोघांना आत बोलावून नीट सांगितलं. बाहेर आल्यावर युसूफभाई थेट माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट एक समजूतदार हसू होतं, लहान मुलाची चूक पकडल्यासारखं.

"ताई, उशी बदलेल व्हती का?"

मी फिल्म पाकिटात घालू लागले. त्यांनीच परत विचारलं. "खोळ धुयेल व्हई. नहीतर लाकूड सरकेल व्हई. देखा ना एकदाव."

"देखं मी, युसूफभाई. उशी तीच व्हती."

ते तसेच आत गेले. रिकाम्या टेबलावरची उशी त्यांनी अंगठ्याने दाबली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत उलटं. दारात हमीदाबी उभ्या होत्या. त्यांची उजवी मूठ उघडत-मिटत होती.

"सोडा ती उशी आते," त्या म्हणाल्या. "नाशिक कव्हय जानं शे, ते ईचारा."

त्या नाशिकला गेल्या तोवर मी निवृत्त होऊन घरी बसले होते. ऑपरेशनच्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. चहा दोनदा उकळून आटला. कुलूप बघायचा तर प्रश्नच नव्हता, मी दाराबाहेर पडलेच नाही. दुपारी युसूफभाईंचा फोन आला. गाठ काढली होती. हमीदाबी गुंगीत होत्या, आणि थोड्या वेळाने त्यांना स्कॅनला नेणार होते.

"तठला टेक्निशियनले मी सांगी दिधं," ते म्हणाले, "पहिले उशी देखा."

मी विचारलं, "आणि हात?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"मन्हं बोट तिन्हा हातमा दिधं मी, ताई. धरस ती. पन पहिलेजशी धरस का, ते समजी नही ऱ्हायनं. एकदाव वाटस तितलंच शे. परत देखं ते वाटस, कमी शे. मंग परत देखस."

त्यांचं ते पुन्हा पुन्हा बोट देणं मला इथे बसून दिसत होतं.

"युसूफभाई," मी म्हटलं, "आते नका देखू. ती गुंगीमा शे. तिले पुरी जागी व्हऊ द्या. मंग याच जागावर बसा, हेच बोट द्या, आनि मंग माले सांगा."

"बरं," ते म्हणाले. "तवलोंग बोट काढी लेऊ का तिन्हा हातमाइन?"

"नका काढू," मी म्हटलं.